वटवाघळाच्या पंखातली बोटं

उत्क्रांतीवरचा लेख चांगला आहे. पण खाली प्रतिक्रियांत एकांनी तोच जुना प्रश्न टाकलाय, माणूस माकडापासून झाला तर माकडं अजून शिल्लक कशी? अहो, आमच्या भावकीतली काही घरं खानापूर सोडून पुण्याला गेली, म्हणून इथं राहिलेले आम्ही नाहीसे झालो काय? आजचं माकड आपला आजोबा नव्हे, लांबचा चुलतभाऊ.

पुराव्यासाठी फार लांब जायला नको. आमच्याच खानापूर तालुक्यात (जि. बेळगाव) भीमगडच्या जंगलात बारापेडे गुहा आहेत. तिथल्या 'राऊटनचं वटवाघूळ' या जातीची शास्त्रात नोंद १९१३ची. कुठल्याही वटवाघळाच्या पंखाचा सांगाडा बघा : दंडाचं हाड, मनगट, आखूड अंगठा आणि छत्रीच्या काड्यांसारखी लांबलेली चार बोटं. म्हणजे आपलाच हात की हो, ताणलेला! देवमाशाच्या पोहायच्या, वल्ह्यासारख्या पुढच्या अवयवातही हीच मांडणी. नव्यानं पंख घडवणारा बोटं कशाला घालेल?

गुणसूत्रांचं, म्हणजे पेशीतल्या डीएनएच्या गुंडाळ्यांचं, तर त्याहून भारी. चिंपांझीत २४ जोड्या, आपल्यात २३. आपलं दोन नंबरचं गुणसूत्र दोन जुनी जुळून झालंय. एरवी गुणसूत्राच्या टोकाला असणारी डीएनएची अक्षरं तिथं सांध्यावर, मध्येच सापडतात.

जाता जाता, मुलीच्या कन्नड पुस्तकात उत्क्रांतीला 'विकास' म्हणतात. त्यामुळे तिला वाटायचं, प्रत्येक प्राणी माणूस व्हायलाच निघालाय. गुहेतल्या अंधारात डोळे गमावलेले आंधळे मासे दाखवले तेव्हा कुठं पटलं.