गाडी विकली, पण सुटली नाही

गेल्या साली मी माझी जुनी मोटारसायकल विकली. रंकाळ्यावर चहा पिता पिता सौदा ठरला, पोरानं तिथंच नोटा मोजल्या. मी मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या केल्या, तारखेची जागा कोरी ठेवली, दोन्ही किल्ल्या दिल्या. "आठ दिवसांत नावावर करतो, काका."

चार महिन्यांनी माझ्या मोबाइलवर ई-चलन आलं. ट्रिपल सीट. फोटोत नंबर तर माझा होताच, पण मागच्या मडगार्डवर लेकीनं चिकटवलेलं फुलपाखरूसुद्धा तसंच होतं!

चलनाचे पैसे गेले ते गेले. खरा घोर वेगळाच. त्या पोरानं कुणाला उडवलं असतं तर? आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव, तो मालक. विकून पुढं आणखी हात बदलत गेलेल्या गाडीच्या अपघातात कागदावरच्या जुन्या मालकालाच जबाबदार धरल्याचा सुप्रीम कोर्टाचा २०१८ चा निकाल आहे. त्यात पॉलिसी संपलेली असली तर भरपाई आपल्या खिशातून. आपण कोल्हापूरकर शब्दावर व्यवहार करतो याचं कौतुक मलाही आहे, पण कोर्टात शब्द दाखवता येत नाही.

घेणाऱ्यांचंही तसंच. शेजारच्या पोरानं दोन वर्षं वापरलेली गाडी घेतली आणि गल्लीभर सांगत सुटला, "अजून तीन वर्षं इन्शुरन्स हाय!" व्हय, हाय, पण थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान केलं तर त्याची भरपाई देणारा. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला तो पाच वर्षांचा सक्तीचा आहे. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा बहुतेकांनी वर्षाचाच घेतलेला असतो. तो चालू असला तरी पॉलिसीवर नाव जुन्या मालकाचं असेल तर क्लेम अडकतो. थर्ड पार्टी गाडीबरोबर आपोआप जातो, हा जात नाही. म्हणून १४ दिवसांत कंपनीला कळवून पॉलिसी नावावर करून घ्यायची. ह्या भावानं आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, नाव बदललं, पॉलिसी विसरला. पावसात गाडी घसरली, हेडलाइट, हँडल, सगळं पदरचं.

आणि नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट! तो गाडीचा नसतो, तुमचा असतो. पहिल्या बिनक्लेम वर्षाला २० टक्के, पाच वर्षांनी ५० पर्यंत. विकताना जुन्या कंपनीकडून तसं सर्टिफिकेट घेतलं की तीन वर्षांच्या आत नव्या दुचाकीला लावता येतो. फक्त स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर सूट मिळते, थर्ड पार्टीवर नाही. त्यामुळं दुचाकीला रक्कम काही फार नसते, पण मिसळीचे पैसे तरी निघतात. नवी गाडी घेताना शोरूममध्ये मला कुणी विचारलं नाही आणि मीही बोललो नाही.

परवा बायकोची मोपेड विकली. घेणारा म्हणाला, "सह्या करून द्या की, मी बघतो. विश्वास नाही का?"

"हाय की," म्हटलं. "म्हणून तर आरटीओपर्यंत तुझ्याच मागं बसून येतोय."