‘ईच’ तळापर्यंत जात नाही

एपीएल या प्रोग्रामिंग भाषेत नेस्टेड ॲरेवर, म्हणजे आत आणखी याद्या असलेल्या यादीवर, ‘ईच’ (¨, घटकागणिक फंक्शन लावणारा ऑपरेटर) लावला की फंक्शन थेट सर्वांत आतल्या आकड्यांपर्यंत पोहोचतं, असं सर्रास सांगितलं जातं. ते चूक आहे. ईच एकच पातळी उतरतो.

(१ २ ३)(४ ५) घ्या. +/¨ चालवलं की ६ ९ मिळतात, म्हणजे प्रत्येक घटकाची वेगळी बेरीज. ईच काढून नुसतं +/ दिलं, तर दोन्ही घटक एकमेकांत मिळवायला जातात आणि लांबी जुळत नाही म्हणून एरर येते.

गैरसमजाचं मूळ बहुधा १०+ मध्ये आहे. ते ईचशिवायच प्रत्येक आकड्यात दहा मिळवतं. पण तो गुण + या स्केलर फंक्शनचा, म्हणजे आपोआप एकेका आकड्यापर्यंत उतरणाऱ्या फंक्शनचा. ऑपरेटरचा त्यात काहीच वाटा नाही. मोजणीच्या ≢ कडे तो नाही, त्यामुळे आणखी एक पातळी खाली मोजायचं तर ¨¨ असं दोनदा लिहावंच लागतं.