सेटलमेंटच्या पत्रावर ‘हो’ म्हणण्याआधी

‘सिबिल खराब? ३० दिवसांत ७५० च्या वर, गॅरंटी!’ ही जाहिरात हल्ली फोन उघडला की समोर येते आणि दर वेळी मला संताप येतो. सिबिल म्हणजे कर्ज आणि कार्डाची बिलं कशी फेडली यावरून ठरणारा आकडा, म्हणजेच क्रेडिट स्कोअर. या जाहिरातीवर विश्वास ठेवणारा माणूस आधीच मेटाकुटीला आलेला असतो. नोकरी गेलेली असते किंवा घरात मोठं आजारपण निघालेलं असतं, कार्डाची बिलं थकलेली असतात, आणि अशा माणसाकडून हे लोक आणखी काही हजार रुपये काढून घेतात. क्रेडिट रिपोर्टमधली, म्हणजे परतफेडीच्या इतिहासातली, खरी नोंद पैसे घेऊन पुसण्याचा अधिकार या देशात कुणालाही नाही. चुकीची नोंद असेल तर ती दुरुस्त करून घ्यायला एक रुपयाही लागत नाही. मग हे लोक पैसे घेतात ते कशाचे?

मी बरीच वर्षं बँकेच्या कर्ज विभागात काम केलंय. आता निवृत्त असूनही ओळखीची मंडळी आपले रिपोर्ट घेऊन येतात. ते बघून बघून माझं एक मत पक्कं झालंय. बिल थकल्यामुळे होतं त्याहून कितीतरी मोठं नुकसान लोक पुढे घाबरून ‘सेटलमेंट’ करतात, म्हणजे थकबाकीपेक्षा कमी रक्कम भरून बँकेशी तडजोड करतात, तेव्हा होतं.

आमच्या ओळखीतला एक मुलगा हिंजवडीत नोकरीला होता. कंपनीनं माणसं कमी केली, त्यात तो गेला. कार्डाचं बिल काही महिने भरता आलं नाही. वसुलीचे फोन सुरू झाले, ते आईवडिलांपर्यंत पोचले. शेवटी एजंट म्हणाला, ‘एक लाख ऐंशी हजार आहेत, सत्तर हजार भरा, विषय संपला.’ घरच्यांनी जमवाजमव करून सत्तर भरले. सगळ्यांना वाटलं, सुटलो. पुढे त्याला चांगली नोकरी लागली, लग्न ठरलं आणि फ्लॅटसाठी अर्ज केला. बँकेनं कर्ज नाकारलं. रिपोर्टमध्ये त्या कार्डापुढे ‘सेटल्ड’ असा शेरा होता. पैसे भरताना या शेऱ्याबद्दल त्याला कुणी एक अक्षर सांगितलं नव्हतं.

‘क्लोज्ड’ म्हणजे पूर्ण पैसे भरून खातं बंद झालं. ‘सेटल्ड’ म्हणजे या माणसानं पूर्ण पैसे दिले नाहीत, बँकेनं उरलेल्यावर पाणी सोडलं. गृहकर्ज देणारा अधिकारी नुसता आकडा बघत नाही, तो हे शेरे आधी वाचतो. मीही तेच करत असे. हे रिपोर्ट तयार करणाऱ्या क्रेडिट माहिती कंपन्यांना ही माहिती किमान सात वर्षं जपून ठेवावी लागते. म्हणजे ऐन तिशीत केलेली सेटलमेंट, घर घ्यायच्या सगळ्या काळात तुमच्यासोबत चालते.

मग थकलं असेल तर करायचं काय? आधी फोन बंद करून बसू नका. एजंटाशी नाही, थेट बँकेशी बोला, आणि बोलाल ते ईमेलवर लेखी ठेवा. थकबाकीचे हप्ते पाडून मागा. बऱ्याच बँका कार्डाच्या व्याजापेक्षा कमी दरानं ते करून देतात. नवीन खरेदी त्या दिवसापासून बंद, कारण मागचं बिल पूर्ण भरलेलं नसलं की बिनव्याजी मुदत मिळत नाही, नव्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज चालू होतं.

आणि ‘किमान रक्कम’, म्हणजे निदान एवढी तरी भरा म्हणून बिलावर दिलेली रक्कम, या सापळ्याचा हिशोब एकदा कागदावर मांडून बघा. कार्डावर ५०,००० रुपये थकलेत आणि व्याज महिना साडेतीन टक्के आहे असं धरा. महिन्याचं व्याज झालं १,७५०. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३१५. एकूण २,०६५. पाच टक्क्यांच्या हिशोबानं तुम्ही २,५०० रुपये भरलेत, तर मूळ रकमेतून फक्त ४३५ रुपये कमी झाले. किमान रक्कम भरत राहिलात तर रिपोर्ट स्वच्छ राहतो हे खरं, आणि अगदीच अडलेल्या महिन्यात ती भरावीच. पण वर्षभर तिच्या जिवावर राहिलात तर कर्ज जागचं हलत नाही. ३० टक्क्यांच्या वर व्याज घेणं अनुचित आहे असं राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २००८ मध्ये म्हटलं होतं, पण सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय रद्द केला. तेव्हा व्याजाला वरून लगाम बसेल या आशेवर थांबू नका.

माझं पुढचं म्हणणं काही जणांना पटणार नाही. घरात सोनं असेल तर ते बँकेत तारण ठेवा आणि कार्ड पूर्ण फेडा. मुदत ठेव असेल तर मोडा किंवा तिच्यावर कर्ज घ्या. ‘अडीनडीला ठेवलंय’ म्हणून बांगड्या कपाटात आणि वर्षाला चाळीस टक्क्यांचं व्याज डोक्यावर, असं घर मी अनेकदा पाहिलंय. अडीनडी म्हणतात ती हीच. सोनेतारणाचं व्याज कार्डाच्या मानानं कितीतरी कमी असतं. मात्र तेही वेळेवर फेडायचं, ते कर्जही रिपोर्टमध्ये दिसतंच.

सेटलमेंट होऊन गेली असेल तरी दार बंद झालेलं नाही. बँकेला लिहा, सोडून दिलेली रक्कम भरायची तयारी दाखवा आणि खात्याची नोंद ‘क्लोज्ड’ करून मागा. पैसे भरण्याआधी हे लेखी घ्या, भरल्यावर काही बाकी नसल्याचं नो ड्यूज सर्टिफिकेट घ्या. बँकेनं ते कर्ज एखाद्या मालमत्ता पुनर्रचना कंपनीला, म्हणजे थकलेली कर्जं विकत घेऊन वसूल करणाऱ्या कंपनीला, विकलेलं असेल तर व्यवहार त्या कंपनीशी करावा लागतो. रिपोर्टमध्ये तिचं नाव दिसतं, ते बघितल्याशिवाय कुणालाही पैसे देऊ नका. त्या मुलाला आम्ही याच वाटेनं नेलं. उरलेले पैसे जड गेले, वेळही लागला, पण शेरा बदलला.

पैसे भरले की स्कोअर लगेच उसळी मारेल असं मात्र समजू नका. रिपोर्टमध्ये मागच्या ३६ महिन्यांचा तक्ता असतो. त्यात प्रत्येक महिन्यात किती दिवस उशीर झाला ते लिहिलेलं असतं, आणि झालेला उशीर पुसला जात नाही. पण जसजसे वेळेवर भरलेले महिने पुढे जोडले जातात तसतसं जुन्या डागांचं वजन उतरतं. २०२५ पासून बँकांना ही माहिती निदान दर पंधरवड्याला पाठवावी लागते, त्यामुळे सुधारणा पूर्वीपेक्षा लवकर दिसते. या काळात चार बँकांत कर्जाचे अर्ज टाकत सुटू नका, प्रत्येक चौकशीची नोंद होते. कार्डाच्या मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत खर्च ठेवा. कुणीच कार्ड देत नसेल तर छोट्या मुदत ठेवीवर मिळणारं कार्ड घ्या, त्यावर महिन्याचा किराणा आणा आणि बिल पूर्ण भरा. आपला स्कोअर आपण बघितल्यानं तो कमी होत नाही, ही भीती मनातून काढून टाका.

चार कंपन्या हे रिपोर्ट देतात: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे. तो त्यांच्याच वेबसाइटवरून घ्या. फुकट स्कोअर दाखवणारी बरीच ॲप्स नंतर कर्जाच्या जाहिरातींचा मारा करतात. रिपोर्ट आला की ओळन् ओळ वाचा. न वापरलेल्या कार्डाची वार्षिक फी थकीत दिसते, नामसाधर्म्यामुळे दुसऱ्याचं कर्ज आपल्या नावावर येतं, कुणाला जामीन राहिलेले असाल तर तेही दिसतं. चूक असेल तर ऑनलाइन तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते, हा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तरीही दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तिथेही फी नाही.

आणखी दोन नियम प्रत्येकाला ठाऊक हवेत. देय तारखेनंतर तीन दिवसांपेक्षा जास्त उशीर झाल्याशिवाय बँक कार्ड ‘थकीत’ म्हणून कळवू शकत नाही. वसुलीवाल्यांना सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायला मनाई आहे. रात्री दहाला तुमच्या आईला फोन करणारा माणूस नियम मोडतोय. त्याचं रेकॉर्डिंग ठेवा आणि बँकेकडे लेखी तक्रार करा.

पीककर्जासाठी सिबिलचा आग्रह धरू नका, असं मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी बँकांना बजावलं, ते योग्यच झालं. शहरातल्या थकलेल्या पगारदारासाठी माझी मागणी त्याहून साधी आहे. सेटलमेंटच्या पत्रावर पहिल्याच ओळीत, ठळक अक्षरांत, मराठीत लिहिलेलं असावं की ‘या तडजोडीची नोंद तुमच्या क्रेडिट रिपोर्टमध्ये वर्षानुवर्षं राहील आणि पुढे कर्ज मिळणं अवघड होईल.’ हे वाचूनही माणूस हो म्हणाला तर तो त्याचा निर्णय. काही जणांपुढे खरोखर दुसरा मार्ग नसतो, त्यांना मी दोष देणार नाही. पण आज माणसं हे न कळता हो म्हणतायत.

रिपोर्ट वाचता येत नसेल तर मला मेसेज करा, जमेल तसं समजावून सांगेन. पॅन, कार्ड नंबर, ओटीपी मात्र मलाही पाठवू नका. नाव आणि नंबर झाकून फक्त शेऱ्यांच्या पानाचा फोटो पाठवा, तेवढा पुरतो.