अंगात आलेला कंदीलवाला

"हॅल जॉर्डनवर तुम्हा लोकांचा जो राग आहे ना, तो तुम्ही अंकच वाचत नाही म्हणून आहे," मंदारने पहिल्याच कटिंगला जाहीर केलं आणि संध्याकाळचं वाटोळं झालं.

विषय खरं तर पक्याच्या द्राक्षबागेचा चालला होता. ढगाळ हवा, डावणी, फवारणीचा खर्च. पण ग्रीन लँटर्नचा, म्हणजे हिरव्या अंगठीच्या जोरावर अंतराळात पोलिसगिरी करणाऱ्या हॅल जॉर्डन आणि कंपनीच्या अमेरिकन कॉमिकचा, नवा अंक हाती लागला की दुसऱ्याच्या बागेवर गारा पडोत नाहीतर मोती, मंदारला सारखंच. अंक पारदर्शक पिशवीत, पिशवी फोल्डरमध्ये, फोल्डर सॅकमध्ये. काढायच्या आधी हात पँटला पुसणार. नाशिकच्या गंगापूर रोडला एका बंद दुकानाच्या पायऱ्यांवर आम्ही बसतो आणि समोरचा अर्धा रस्ता सध्या सिंहस्थाच्या नावाने खणून ठेवलाय, त्यामुळे उठून पळायलाही जागा नव्हती.

"बोल बाबा," पक्या म्हणाला. "तुझा कंदीलवाला आता काय म्हणतो?"

२०२३ ला मालिका नव्याने सुरू झाली तेव्हापासून मंदारचं एकच पालुपद आहे. लेखक जेरेमी अ‍ॅडम्सने हॅलला जमिनीवर आणलं. सुरुवातीच्या अंकांत सेक्टर २८१४, म्हणजे आपली पृथ्वी ज्यात येते तो, वरच्यांनी सील केलेला. सत्ता युनायटेड प्लॅनेट्सवाल्यांच्या, म्हणजे ग्रहांच्या संघटनेच्या, हातात. हॅल परत फेरिस या विमान कंपनीच्या दारात नोकरी मागायला उभा, आणि त्याच्या जुन्या प्रेयसीचं, कॅरोलचं लग्न दुसऱ्याशी ठरलेलं. "माणूस झालाय रे तो! पहिल्यांदा माणूस झालाय!"

"माणूस नाही, बेरोजगार झालाय," पक्या म्हणाला. "ते आपल्याकडे आधीच पुष्कळ आहेत. आणि २८१४ काय? आमच्या सिडकोत सहा स्कीमा झाल्या तर पोस्टमन चुकतो. यांचे सेक्टर तरी किती?"

"तीन हजार सहाशे."

"आणि शिपाई?"

"एका सेक्टरला दोन."

"मग बरंय. सापडत नाहीत ते साहजिक आहे."

तेवढ्यात नाना आले. नाना ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेत. मिग-२१ पासून सुखोई-३० पर्यंत सगळ्यांच्या पोटात हात घातलेला माणूस. कॉमिक्सशी त्यांचा संबंध इंद्रजालच्या वेताळापाशी संपतो, पण वाद ऐकायला त्यांना आवडतं. पायरीवर रुमाल अंथरून बसले आणि विचारलं, "हा पोरगा कामाला कुठं आहे म्हणालास?"

"टेस्ट पायलट आहे, नाना. विमान कंपनीत."

नानांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. मंदारला वाटलं, आपल्या बाजूचा माणूस मिळाला. तो सुसाट सुटला. ऑक्टोबर १९५९, 'शोकेस'चा अंक २२, जॉन ब्रूमची कथा, गिल केनची चित्रं. अबिन सूर नावाचा परग्रहवासी पृथ्वीवर कोसळतो, मरता मरता अंगठीला सांगतो, ज्याला भीती माहीतच नाही असा माणूस शोध. अंगठी हॅलला उचलून आणते.

"एकच सापडला?"

"दोन सापडले होते. दुसरा गाय गार्डनर, तेवढाच लायक. पण हॅल जवळ राहत होता." हे मंदार अभिमानाने सांगतो, ही त्याची कमाल.

"म्हणजे स्थानिकांना प्राधान्य," पक्या म्हणाला. "सातपूरच्या एमआयडीसीत लागतं तसं."

"ते राहू दे," नाना म्हणाले. "भीती माहीत नसलेला टेस्ट पायलट? त्याला हँगरच्या दारात तरी कोण उभं करेल? आमच्याकडे एक साहेब होते. मशीन पहिल्यांदा वर न्यायचं असलं की आधी पायी प्रदक्षिणा घालायचे. टायरला हात लावणार, पॅनेलच्या स्क्रूवरून अंगठा फिरवणार, पोटाखाली वाकून थेंब पडलाय का बघणार. मग कागद पुढं केला की सहीच्या आधी माझ्याकडे बघायचे. बोलायचे काही नाही. मी मान हलवली की सही. एकदा माझी मान हलायला जरा वेळ लागला. त्यांनी पेन खिशात घातलं आणि चहाला निघून गेले. दिवसभर ते विमान जागेवर. आज साहेब पुण्याला नातवंडं खेळवतात, ते त्या भीतीमुळे."

मंदारने घाईघाईने सांगितलं की लेखक जेफ जॉन्सने पुढे तेच दुरुस्त केलं, आता नियम 'भीती नसलेला' असा नाही, 'भीतीवर मात करू शकणारा' असा आहे. नानांनी "मग ठीक" असं म्हणून ग्लास उचलला. प्रकरण मिटलं असतं.

पण अस्मिता इतका वेळ गप्प होती. आमच्यात आर्किटेक्ट ती एकटीच, आणि ती गप्प असते तेव्हा मनात प्लॅन काढत असते हे मंदारला अजून कळलेलं नाही.

"भीतीचं झालं. आता हिशेबाचं बोलू," ती म्हणाली. "१९९४. अंक ४८, ४९, ५०. हॅलचं गाव कोस्ट सिटी बेचिराख झालेलं. हा राखेत बसतो आणि अंगठीने अख्खं शहर परत उभं करतो. आई, बाप, जुनी मैत्रीण. आणि अंगठीचा चार्ज उतरतो तसं सगळं विरून जातं. ती पानं मी आजही काढून बघते. इथपर्यंत माझं काहीच म्हणणं नाही. मग वरून नोटीस येते की सरकारी अंगठी खासगी कामाला वापरली. आणि हा निघतो ओआकडे, त्यांच्या मुख्यालयाच्या ग्रहाकडे. वाटेत जो आडवा येईल त्याच्या बोटातली अंगठी काढून घेतो. तिथं पोचून जुना शत्रू सिनेस्ट्रो, त्याची मान मोडतो, किलोवॉगला मारतो. ज्यानं याला शिकवलं तो किलोवॉग."

"घाईत लिहिलंय ते! तीन अंकांत उरकलंय! सगळे मान्य करतात!"

"घाईत लिहिलंय, कबूल. पण लिहिलंय."

पक्याने शिट्टी वाजवली.

"पुढे १९९६ ला हा सूर्य पेटवून मरतो, मग स्पेक्टर नावाचं सूडाचं भूत होऊन भटकतो, तेही चाललं. प्रायश्चित्त तरी होतं ते. आणि २००४ ला तुझा जेफ जॉन्स येतो आणि सांगतो, तो हॅल नव्हताच मुळी. पॅरलॅक्स नावाचा पिवळा किडा शिरला होता त्याच्यात."

"किडा नाही गं, एन्टिटी! भीतीची..."

"अंगात आलं होतं. सरळ मराठीत सांग ना. मी नव्हतो, माझ्या अंगात आलं होतं. आमच्या गल्लीत एक बाई होती, सासूला शिव्या घालायच्या असल्या की अमावास्येची वाट बघायची. तिची केस आणि याची केस सेम. फरक इतकाच की तिनं पोलीस खातं संपवलं नव्हतं."

नाना खोकेपर्यंत हसले. मीही. (मी निष्पक्ष आहे असा माझा दावा नाही. मंदारने माझे अंक वाचायला नेले की तो मलाच पान कसं उलटायचं ते शिकवून परत देतो.)

मंदार उभा राहिला. उभा राहिला की तो 'कॉन्टिन्युइटी' म्हणतो. "कॉन्टिन्युइटी बघ! अंगठी पिवळ्यावर चालत नाही, हे इतकी वर्षं नुसतं कोडं होतं. सगळ्या अंगठ्यांना शक्ती देणाऱ्या ओआच्या बॅटरीत पॅरलॅक्स कोंडलेला होता, म्हणून पिवळा दोष! एका फटक्यात सगळं जुळलं!"

इथं चर्चा फुटली, कारण पक्याला पिवळ्याचं माहीतच नव्हतं. "थांब थांब. पिवळ्यावर चालत नाही म्हणजे? हळदीच्या मांडवात हा मेलाच की!" मग पक्याच्याच हळदीची आठवण निघाली, त्याच्या मेव्हण्यांनी मंदारला ड्रममध्ये बुडवलेलं ती. मग, चंपाषष्ठीला याला देवळालीच्या खंडोबाच्या टेकडीवर सोडायचा, भंडाऱ्यात परत कसा येतो बघू. मंदारने दात ओठ खात माहिती पुरवली की १९४० चा पहिला ग्रीन लँटर्न, अ‍ॅलन स्कॉट, त्याची अंगठी लाकडावर चालत नव्हती. ही माहिती त्याने द्यायला नको होती. पुढचा बराच वेळ विटीदांडूत गेला.

"झालं हसून?" अस्मिताने विचारलं. "मंद्या, बसू नकोस, उभाच राहा. ज्यांच्या अंगठ्या काढल्या त्यांचं काय?"

मंदारचा चेहरा उजळला. "ते मेलेच नव्हते! नंतर सापडले जिवंत! लॉस्ट लँटर्न्स म्हणतात त्यांना!"

"ते जगतील हे हॅलला माहीत होतं?"

"...नाही."

"अंतराळात, बोटात अंगठी नाही, याने सोडून दिलं आणि पुढे गेला. बरोबर?"

"पण पॅरलॅक्स..."

"आलं परत अंगात."

माझ्या मते वाद इथंच संपला होता. पण तिने शेवटचा खिळा राखून ठेवलेला होता, आणि तो तिच्या माणसाचा होता. जॉन स्टुअर्ट. आमच्या पिढीला पहिला ग्रीन लँटर्न भेटला तो टीव्हीवरच्या जस्टिस लीग कार्टूनमध्ये, आणि तो जॉनच. हॅल नावाचा कुणी आहे हे आम्हाला नंतर कळलं. लेखक डेनी ओनील आणि चित्रकार नील अ‍ॅडम्स जोडीने त्याला आणलं, अंक ८७ मध्ये, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला. पेशाने आर्किटेक्ट. अस्मिताच्या ऑफिसात त्याचं एकच चित्र आहे, ग्राहकांना ती 'सिनियर' म्हणून सांगते.

"१९८८," ती म्हणाली. "कॉस्मिक ओडिसी नावाची मालिका. झान्शी नावाचा ग्रह. जॉनला वाटतं आपल्या अंगठीपुढे काय टिकणार. जोडीला मार्शन मॅनहंटर नावाचा दुसरा हिरो आहे, त्याला हा बाजूला ठेवतो, मी एकटा बघतो म्हणतो. बॉम्बपाशी पोचतो. आणि बॉम्बला रंग कुठला दिलाय?"

"पिवळा," नाना म्हणाले. त्यांना एव्हाना नियम कळले होते.

"पिवळा. ग्रह गेला. सगळी माणसं गेली. आणि या प्रकरणात आजवर एकाही लेखकाने किडा सोडलेला नाही. झान्शी त्याच्याच नावावर आहे. कधी कुणी त्याला तोंडावर ऐकवतं, कधी तो स्वतःला ऐकवतो, पण खात्यावरून कुणी पुसत नाही. म्हणून त्याचा अंक मी विकत घेते. वर्षानुवर्षं चालणारी गोष्ट आहे ना ही? मग माणसाने काल जे केलं ते आज त्याच्याबरोबर चालत यायला नको? तुझ्या हॅलला दर दहा वर्षांनी कोरी पाटी मिळते. आणि कॅरोलने दुसरा बघितला तर त्याचं वाईट वाटून घ्यायचं मी? तिला मी हार पाठवीन."

मंदार खाली बसला. त्याने अंक पिशवीत घातला, पिशवीची चिकटपट्टी लावली. खरं सांगायचं तर मला जरा वाईट वाटलं. तेवढ्यात पक्या म्हणाला, "भीतीवर मात म्हणे. हरिहर गडाला कोण पायऱ्यांना घोरपडीसारखा चिकटून बसलं होतं रे? मागून शाळेची सहल आली, पोरं म्हणाली, काका, जरा सरकता का."

"मला चक्कर आली होती!"

"अंगात आलं होतं," आम्ही चौघं एकदम.

तरी मंदारच्या बाजूने एक गोष्ट नोंदवलीच पाहिजे, कारण तीही त्याच संध्याकाळची. सगळे हसत असताना तो म्हणाला, "बरं, हॅल सोडा. रॉट लॉप फॅन माहितीय?" आणि कुणी हो-नाही म्हणायच्या आत सांगायला लागला. १९८७, अ‍ॅलन मूरची छोटीशी गोष्ट. काटमा तुई नावाची लँटर्न अंतराळाच्या एका भागात जाते, जिथं उजेडच नाही. तिथल्या प्राण्याला डोळे नाहीत, उजेड नाही, रंग म्हणजे काय ते ठाऊक नाही. आता त्याला हिरवा कंदील कसा समजावणार? ती विचार करते, आणि कंदिलाच्या जागी घंटा ठेवते. हिरव्या रंगाच्या जागी एक सूर. तो प्राणी सैन्यात येतो, पण त्याच्या लेखी ते कंदीलवाल्यांचं सैन्य नाहीच. एफ शार्प घंटेचं आहे.

कुणी काही बोललं नाही. मग पक्या म्हणाला, "एफ शार्प म्हणजे काळी तीन."

आम्ही त्याच्याकडे बघितलं.

"काय बघताय भो? भजनी मंडळात पेटी वाजवतो मी. आमचे बुवा काळी तीनलाच लावतात. बायका गायला असल्या की वेगळं." त्याने मांडीवर बोटं ठेवून ती पट्टी शोधली आणि सूर लावला. बरा लावला. चहावाल्याने वळून बघितलं. "म्हणजे हा तुमचा फॅन आमच्या मंडळात बसेल. एकादशीला बोलवा."

"एक गोष्ट चांगली म्हणून अख्खा हॅल धुऊन निघत नाही," अस्मिता म्हणाली, पण आवाज उतरला होता. मग तिने मंदारकडून तो जुना अंक वाचायला मागितला. मंदारने आधी तिचे हात बघितले.

हे जमून आलं असताना पक्याने २०११ चा विषय काढायची गरज नव्हती. तो सिनेमा. मंदारने सगळ्यांना ओढत नेलेलं, तिकिटं पक्याने काढलेली, आणि मध्यंतरात नानांच्या मुलाने विचारलेलं की याने कपडे घातलेत की रंग मारलाय. "ते पैसे अजून यायचेत," पक्या म्हणाला. मंदारचं म्हणणं, समोसे त्याने दिले होते. पक्याचं म्हणणं, एक समोसा आणि तो सिनेमा यांची बरोबरी होत नाही, नुकसानभरपाई वेगळी. अस्मिताने मोबाइलवर व्याज काढायला घेतलं. नानांनी विचारलं, अंगठी चोवीस तासांनी चार्ज करावी लागते म्हणता, तर बिल कोण भरतं, आणि कंदील सरळ एकलहऱ्याच्या वीजकेंद्राला जोडून टाकला तर?

शेवटी मंदार पायरीवर चढला. म्हणाला, तुम्ही सगळे नालायक आहात, पण ग्रीन लँटर्नची शपथ ऐकून जा. मूठ वर केली, डोळे मिटले आणि घसा खाकरून सुरू झाला. दुसऱ्या ओळीला खड्ड्याच्या कडेने एक रिक्षा येऊन थांबली. रिक्षावाल्याने त्या वर केलेल्या मुठीकडे बघून विचारलं, "सीबीएस?"

"चला, बरं झालं," म्हणत नाना रुमाल झटकून आत बसले.

"अजून दोन सीट आहेत," रिक्षावाला मंदारला म्हणाला. "येताय का भाऊ? का नुसताच हात केला?"