पिक्चरमधल्या अब्दुलचं काय?

हेरगिरीचे पिक्चर मला लै आवडतात, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर देशप्रेमाचा क्लास सुरू व्हायचा. सोलापूरच्या भागवत थिएटरला पहिला शो, शिट्ट्या, पडद्यापुढं नाचणारी पोरं, सगळं मान्य. तरी एक गोष्ट बऱ्याच दिवसांपासून खटकायलीय.

शत्रूचा अधिकारी, अतिरेकी, शस्त्रांचा दलाल यांना हिरोनं फसवलं तर माझं काही म्हणणं नाही. ते त्या धंद्यातलेच, त्यांना माहितीय की समोरचा खोटा असू शकतो. पण मध्येच एखादा साधा माणूस येतो, घरचा नोकर, ऑफिसातली क्लार्क, नाहीतर कुणाचीतरी बहीण. हिरो गोड बोलतो, मैत्री करतो, प्रेमसुद्धा करतो, किल्ली नाहीतर फाईल काढून घेतो आणि पुढच्या सीनला दुसऱ्या देशात. मागं त्या बाईच्या दारात पोलिस आले असतील, नोकरी गेली असेल, घरच्यांनी टाकली असेल, पण कॅमेरा तोवर हिरोबरोबर विमानात बसून गेलेला असतो.

‘राझी’ (२०१८) मला आवडतो तो यासाठी की तिथं कॅमेरा एवढा निर्लज्ज नाही. सेहमत ही हेरगिरीसाठी पाकिस्तानी लष्करी घरात सून म्हणून गेलेली भारतीय पोरगी, ती जीपखाली अब्दुलला चिरडते. अब्दुल कोण, तर सासरचा जुना नोकर. त्याचा गुन्हा काय, तर नव्या सुनेचा त्याला संशय आला, आणि तो संशय खरा निघाला, बस. हाच अब्दुल आपल्याकडच्या एखाद्या मेजरच्या घरात असता आणि पाकिस्तानी सून त्यानं पकडून दिली असती तर आपण त्याच्यावरच पिक्चर काढला असता राव! आणि सेहमतच्या नवऱ्याचं, इक्बालचं काय करायचं? तो आर्मीतला, म्हणजे माझ्याच हिशोबानं त्या धंद्यातला. पण बायकोला खोलीत एकटं वाटू नये म्हणून धडपडणारा नवरा कुठल्या धंद्यात असतो? इथं माझा नियम मोडतो, आणि मला अजून त्याचं उत्तर सापडलेलं नाही.

हे सगळं पिक्चरपुरतंच आहे असंही नाही. पूर्व जर्मनीच्या मार्कुस वोल्फच्या हेरखात्यानं पश्चिम जर्मनीत बॉनच्या सरकारी ऑफिसांतल्या एकट्या राहणाऱ्या सेक्रेटरी बायकांच्या मागं असे ‘रोमिओ’, म्हणजे प्रेमाचं नाटक करणारे हेर, सोडले होते. कागद रोमिओंनी नेले आणि कोर्टात उभ्या राहिल्या त्या बायका.

पार्क चौकात चहा पिताना आमचा एक मित्र म्हणाला, “का बे, एका माणसापायी हजार जवान वाचायलेत की.” हिशोब बरोबर आहे, फक्त तो मांडणारा स्वतःला कधीच त्या एकात धरत नाही. आणि पिक्चरवाला पत्ते आधीच लावून ठेवतो, म्हणजे चोरलेली माहिती हमखास खरी, हमखास वेळेवर, हमखास हजार लोक वाचणार. खऱ्यात काय होतं ते पाकिस्तानातल्या अबोटाबादमध्ये बघा. २०११ ला लादेनच्या घरातल्यांचा डीएनए मिळावा म्हणून सीआयएनं डॉ. शकील आफ्रिदीला हाताशी धरून हेपॅटायटिस बी च्या लसीची मोहीम काढली. सुरुवात गरीब वस्तीतून केली आणि तिथला पुढचा डोस राहिला बाजूला, टीम गेली लादेनच्या भागात. ज्यांनी लस टोचून घेतली त्यांना आपण कशात आहोत याचा पत्ता नाही. पाकिस्तानात लसवाल्यांवर आधीच संशय होता, त्याला आता पुरावाच मिळाला. डिसेंबर २०१२ मध्ये पोलिओचे डोस पाजणाऱ्या बायकांना गोळ्या घातल्या गेल्या. २०१४ ला व्हाइट हाऊसनं सांगितलं की यापुढं सीआयए लसीकरणाच्या आडून असलं काही करणार नाही. पोलिओ तिथं अजून आहे.

मला हे जास्त लागतं कारण माझी वहिनी आशा वर्कर आहे, सोलापूरच्या पूर्व भागात. विडीवाल्या बायका, पॉवरलूमवरचे कामगार, निम्म्या घरात तेलुगू. वहिनी मोडकंतोडकं तेलुगू बोलते, कुठल्या घरात बाळंतीण आहे, कुणाचं पोर गावाला गेलंय हे तिला तोंडपाठ असतं, आणि तिला बघून बायका सुपातली विडी बाजूला ठेवून दार उघडतात. मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त जाहीर झाला तो असल्या बायकांच्या पायपिटीवर. उद्या तिच्या वहीतली नावं कुणी ‘देशासाठी’ म्हणून गुपचूप भलत्या कामाला वापरली तर? ज्यानं वापरली त्याची बदली होईल, मेडलही मिळेल कदाचित. वहिनीला मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच गल्लीत जायचं असतं.

आमच्या मित्राला हेच म्हणलं तर तो म्हणतो तू पिक्चरची मजा घालवतो. अरे मजा ठेव की! फक्त एकदा तरी ज्याला फसवलं त्याच्याकडून गोष्ट सांगा. हिरो निघून गेल्यावर त्या क्लार्क बाईचा पुढचा महिना दाखवा, घरभाड्यासकट. असा पिक्चर कुणाला माहीत असेल तर खाली नाव टाका, रविवारी बघतो.