पंधरा दिवसांचं लायसन्स आणि माझे सात महिने

वर्षभरात हा एकच मेसेज मला चार ग्रुपांवर आला. एकदा तर माझ्या सख्ख्या जावेने पाठवला, ‘हे बघ, तुझ्या वेळी कुणी सांगितलं नव्हतं’ असं वर लिहून. मजकूर साधारण असा: ‘डिपेंडंट व्हिसावर घरी बसून काय करता? लंडनचं पीसीओ लायसन्स १५ दिवसांत. इंडियन लायसन्स चालतं. आधी केलेलं डीबीएस चालतं. अर्जाची पावती आली की गाडी सुरू. टीएफएल मुद्दाम रखडवतं, त्यापेक्षा वुल्व्हरहॅम्प्टनमधून काढा, झटपट मिळतं.’ खाली कुणा एजंटचा नंबर.

मी हे लायसन्स, म्हणजे लंडनमध्ये उबरसारखी भाड्याची गाडी चालवायचा परवाना, काढलंय आणि त्यावर दोन वर्षं गाडी चालवतेय. तो देते ती टीएफएल, म्हणजे लंडनची वाहतूक संस्था; आणि डीबीएस म्हणजे गुन्हेगारी नोंदींची सरकारी तपासणी. अर्ज भरायला बसले त्या संध्याकाळपासून बॅज हातात पडेपर्यंत सात महिने गेले. त्यामुळे एकेक वाक्य घेते.

आधी ते ‘पीसीओ’. पब्लिक कॅरेज ऑफिस पूर्वी मेट्रोपॉलिटन पोलिसांकडे होतं, २००० साली ते टीएफएलकडे आलं आणि पुढे ते नावही गेलं. ड्रायव्हरांच्या तोंडी मात्र पीसीओच राहिलं. ऑनलाइन शोधताना ‘प्रायव्हेट हायर ड्रायव्हर’ असं शोधा, नाहीतर गाड्या भाड्याने देणाऱ्यांच्याच जाहिराती समोर येतात.

इंडियन लायसन्स चालतं? नाही. भारतातल्या लायसन्सवर इथे राहायला आल्यापासून १२ महिने स्वतःची गाडी चालवता येते, बस्स. ते बदलूनही मिळत नाही. थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्ही परीक्षा नव्याने द्याव्या लागतात. आणि टीएफएलला पूर्ण लायसन्स किमान तीन वर्षांचं लागतं. म्हणजे गेल्या दिवाळीत हीथ्रोला उतरलेल्या माणसाला हा हिशेब दिवसांत नाही, वर्षांत करायचा आहे. स्टुडंट व्हिसावाल्यांनी तर या वाटेला जाऊच नये, त्यांना स्वतःचा धंदा करायला मनाई आहे. आणि व्हिसा १४ महिन्यांचा उरला असेल तर लायसन्सही तेवढंच मिळतं, तीन वर्षांचं नाही.

आता मुख्य आकडा. हे १५ दिवस आले कुठून? माझा अंदाज, डीबीएसवरून. इथे लागतं ते एन्हान्स्ड, म्हणजे सखोल डीबीएस; त्याला साधारण १४ दिवस लागतात, जास्तही लागू शकतात, असं सरकारच सांगतं. मेसेजवाल्याने त्यातलं ‘जास्तही’ गाळलं आणि एका पायरीचा वेळ अख्ख्या प्रवासाला लावला. डीबीएसचे पाच टप्पे असतात. पहिले तीन भराभर होतात. चौथ्या टप्प्यात अर्ज स्थानिक पोलिसांकडे जातो आणि तिथे बसतो. तो किती बसेल ते तुमच्या हातात नाही, टीएफएलच्याही नाही. ६० दिवस उलटले की तक्रार वर नेता येते. या ६० दिवसांच्या नियमातच काय ते समजा.

माझं डीबीएस मात्र पोलिसांनी नाही, मीच लांबवलं. फॉर्म विचारतो, आजवर वापरलेली सगळी नावं लिहा. आता आपलं बघा. माझ्या डिग्रीवर मधलं नाव वडिलांचं, आडनाव माहेरचं. पासपोर्टवर मधलं नाव नवऱ्याचं, आडनाव सासरचं. इथल्या ड्रायव्हिंग लायसन्सवर मधलं नावच नाही, कारण तो फॉर्म भरताना मला ते फालतू वाटलं. शिवाय लग्नात तांदळात लिहिलेलं नाव वेगळंच. ते कुठल्या कागदावर आलं नाही हे नशीब. मी माहेरचं नाव लिहिलं नाही. पाच वर्षांच्या पत्त्यांत पुणे सोडल्याची आणि इथे पोचल्याची तारीख यांत दीड महिन्याची फट राहिली, ती सासरी साताऱ्याला काढली होती. अर्ज परत आला. दुरुस्त केला, पुन्हा रांगेत लागला.

शाळेत मदतनीस म्हणून केलेलं डीबीएस माझ्याकडे होतं. ते चालत नाही. टॅक्सी लायसन्ससाठीचं डीबीएस वेगळ्या प्रकारात मोडतं, ते त्याच कामासाठी काढावं लागतं.

हे सगळं चालू असताना मेडिकल. बस आणि लॉरीच्या ड्रायव्हरांना तब्येतीचा जो ग्रुप टू दर्जा लागतो तोच इथे. तपासणाऱ्या डॉक्टरपुढे तुमची पूर्ण वैद्यकीय नोंद असावी लागते आणि त्याचे पैसे एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, देत नाही. माझ्या फॉर्ममध्ये चष्म्यासह दृष्टी किती, तो एक रकाना डॉक्टरने कोरा सोडला. मीही घरी आणून न बघता पाठवला. एका कोऱ्या चौकटीपायी दुसरी वेळ मिळेपर्यंत तीन आठवडे. अर्ज करणाऱ्यालाच इन्सुलिन चालू असेल तर त्याचे जास्तीचे कागद आधीच विचारून ठेवा.

याखेरीज इंग्रजीची पात्रता, नकाशावाचनाची परीक्षा, आणि ऑक्टोबर २०२१ पासून सेरू, म्हणजे सुरक्षितता, समानता आणि नियमांची परीक्षा. त्यांच्या तारखा मिळायला हव्यात. गेल्या तीन वर्षांत सलग तीन महिने किंवा जास्त परदेशात राहिलेल्यांना तिथल्या पोलिसांचा दाखलाही लागतो. आपल्यासाठी तो पीसीसी. बाळंतपणाला माहेरी गेलेल्या बायका हे हमखास विसरतात.

टीएफएल मुद्दाम रखडवतं? इथे मेसेजवाल्याचा राग मला समजतो. १ सप्टेंबर २०२४ ला टीएफएलवर सायबर हल्ला झाल्याचं लक्षात आलं, लायसन्सची ऑनलाइन कामं अडली आणि मागच्या अर्जांचा ढीग साचला. ज्यांचं नूतनीकरण त्यात अडकलं त्यांची चूल थंडावली. आठवडी भाड्याची गाडी दारात उभी आणि बॅज संपलेला, हे काय असतं ते त्या घरांनाच विचारा. त्या काळाबद्दल टीएफएलला बोल लावा, मीही लावते. पण ‘मुद्दाम’ म्हटलं की आपल्या कोऱ्या रकान्याकडे बघायचं राहून जातं.

पावतीवर गाडी चालवणं हे या मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य. लायसन्स नसलेल्या ड्रायव्हरला ऑपरेटर, म्हणजे बुकिंग घेणारी कंपनी, भाडं देऊ शकत नाही, आणि भाडं मारताना विमाही तुमच्या बाजूने उभा राहणार नाही. बिनविम्याची गाडी म्हणजे ड्रायव्हिंग लायसन्सवर किमान सहा पेनल्टी पॉइंट आणि दंड. आमच्या गल्लीतल्या एकाने तर पावतीच्या भरवशावर जुनी हायब्रिड प्रियस घेऊन टाकली. गाडीचं लायसन्स वेगळं असतं हे त्याला ठाऊक नव्हतं. १ जानेवारी २०२३ पासून लंडनमध्ये पहिल्यांदा लायसन्स घेणारी गाडी इलेक्ट्रिक किंवा प्लग-इनसारखी, धूर न सोडता चालू शकणारी लागते. साधी हायब्रिड बसत नाही. ती प्रियस आता त्याची मुलं शाळेत सोडते.

राहिलं वुल्व्हरहॅम्प्टन, बर्मिंगहॅमजवळचं शहर. तिथून लायसन्स काढून दुसऱ्या गावात काम करणारे पुष्कळ आहेत आणि ते कायदेशीर आहे, फक्त ड्रायव्हर, गाडी आणि ऑपरेटर तिघांचंही लायसन्स एकाच कौन्सिलचं, म्हणजे तिथल्या पालिकेचं हवं. म्हणजे लंडनच्या लायसन्सवर चालणाऱ्या ऑपरेटरकडे ते कामाचं नाही. शिवाय डीबीएस तिथेही लागतंच, आणि चौथ्या टप्प्यात पोलीस कुठले, ते तुम्ही राहता त्या पत्त्यावर ठरतं. लंडनच्या हाउन्स्लोत राहत असाल तर अर्ज कुठेही करा, कागद मेट्रोपॉलिटन पोलिसांकडेच जाणार. जून २०२५ मधल्या बॅरोनेस केसी यांच्या, सरकारने मागवलेल्या बाल लैंगिक शोषणावरच्या अहवालाने ही पळवाट बंद करायची शिफारस केलीय, त्यामुळे तिच्यावर तीन वर्षांचे बेत बांधू नका.

एजंटचंही सांगते. आरटीओबाहेरच्या टपरीची आपल्याला सवय असते, त्यामुळे पैसे दिले की फाइल सरकते असं वाटतं. फॉर्म भरायला कुणी मदत केली तर ठीक, पण टीएफएलकडे जादा पैसे भरून पुढे जायची रांग नाही. मी त्या नंबरवर फोन करून विचारलं, की स्टेज फोर लांबली तर तुम्ही काय करता? पलीकडचा थोडा थांबला, मग म्हणाला, ‘मॅडम, कुठली स्टेज?’