हात लावल्याशिवाय दिसत नाही का?

गणपती गावाला गेले, चाकरमानी आपापल्या गाड्यांनी मुंबईला परतले, आणि माझ्या टेबलावर दीड कानाचा घोडा उभा आहे. आठ दिवस मी गप्प बसले. घरातल्या सणाला गालबोट नको म्हणून काकींशी नीट बोलले, काकांना चहा करून दिला, ज्याने कान मोडला त्या सहा वर्षांच्या भाच्याला जाताना खाऊही दिला. आता घर रिकामे आहे आणि पायाची आग मस्तकाला गेलेली आहे, तेव्हा जे तोंडावर म्हणता आले नाही ते इथे लिहिते.

मी घोड्यांच्या प्रतिकृती घडवते आणि रंगवते. कुडाळजवळच्या खेड्यात बसून असले काही करणारी बहुधा मी एकटीच असेन, म्हणून थोडे सांगणे भाग आहे. ब्रेयर नावाची अमेरिकी कंपनी सेल्युलोज ॲसिटेट या प्लॅस्टिकचे घोडे बनवते. त्यांचा सर्वांत नावाजलेला आकार मूळ घोड्याच्या साधारण एक नवमांश असतो, म्हणजे खांद्यापाशी पाच फूट उंच असलेला घोडा टेबलावर सतरा सेंटिमीटरच्या आसपास भरतो. जगभरचे हौशी लोक हे घोडे घेतात, गरम करून त्यांच्या माना नि पाय वळवतात, जुनी आयाळ कापून नवी घडवतात आणि कारखान्याचा रंग झाकून स्वतःचा रंग चढवतात. मग ते प्रदर्शनात मांडले जातात आणि परीक्षक त्यांची जात, शरीररचना, रंग आणि कारागिरी तपासून क्रमांक देतात. यातला पहिला घोडा १९५० साली शिकागोमध्ये तयार झाला तो एका घड्याळ कंपनीला शोभेच्या घड्याळावर बसवायला हवा होता म्हणून. म्हणजे या घोड्यांच्या घराण्याचा मूळपुरुष फळीवर बसून नुसता बघण्यासाठीच जन्माला आला होता. हे मी काकींना सांगितले. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, जणू मी मालवणी सोडून फ्रेंच बोलते आहे.

मोडलेला घोडा साधा नव्हता. अमेरिकेतल्या मैत्रिणीने बॅगेतून आणलेल्या एका तट्टावर काम करून मी त्याचे भीमथडी, म्हणजे आपल्या दख्खनच्या जातीचे तट्टू, केले होते. परदेशी परीक्षकांना अरबी घोडा झोपेतही ओळखता येतो. भीमथडी म्हणजे काय हे मात्र त्यांना शेजारी माहितीचे कार्ड ठेवून सांगावे लागते. असल्या दुर्मीळ जातींसाठी ती पद्धतच आहे. म्हणून धनगरांच्या तांड्यांबरोबर ओझी वाहणाऱ्या घोड्यांचे फोटो मी दोन वर्षे जमवत होते. रंग कुमाईत ठरवला, म्हणजे तांबूस तपकिरी अंग आणि काळी आयाळ-शेपूट, आणि त्यावर चारही पाय व कपाळ पांढरे, म्हणजेच पंचकल्याणी. हे ऐकायला सोपे वाटते. पण ज्या पायाला पांढरा मोजा असतो त्याचा खूर बहुधा फिकट असतो, पांढऱ्या केसांखालची कातडी गुलाबी असते आणि ती नाकपुडीपाशी नेमकी किती दिसू द्यायची हे तीन केसांच्या ब्रशने ठरवावे लागते. जराशी जास्त दाखवली तर घोड्याला सर्दी झाल्यासारखी दिसते.

मे महिन्यात घडाईचे काम उरकले. दोन गोळे एकत्र मळून लावायची एपॉक्सी पुट्टी (नळ गळायला लागला की आपण लावतो त्याच जातीची, फक्त बारीक कणाची) वापरून कान लहान केले, मानेचा बाक बदलला, आणि पॉलिश पेपरने घासता घासता बोटांची साले गेली. पुढचे काम रंगाचे, आणि तेवढ्यात पाऊस लागला. सॉफ्ट पेस्टलच्या कांड्या घासून पूड करायची, ती मऊ ब्रशने अंगावर चोळायची आणि वर मॅट वॉर्निशचा पातळ स्प्रे मारून थर पक्का करायचा. मग पुढचा थर, मग पुन्हा स्प्रे. या घोड्याला असे बावीस थर बसले. कोकणातल्या जुलैत हे करणे म्हणजे काय, ते घाटावरच्या माणसाला सांगून कळणार नाही. हवेत पाणी इतके असते की स्प्रेमधले द्रावक उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर दमट हवेतले पाणी धरते आणि वॉर्निशच्या पोटात पांढरट धुके बसते. मग तांबूस घोडा राखेत लोळून आल्यासारखा दिसतो आणि तीन दिवसांचे काम घासून काढावे लागते. हे माझ्या बाबतीत दोनदा झाले. शेवटी एका लाकडी खोक्यात चाळीस वॉटचा पिवळा बल्ब लावून मी घोड्यासाठी कोरडी खोली केली. त्याहून मोठा बल्ब लावला तर ॲसिटेट मऊ पडून पाय वाकण्याची भीती. ऊन पडले की हातातले काम टाकून परसात धावायचे आणि दोन सरींच्या मध्ये एक थर मारून परत यायचे. आईला वाटे, मी वाळत घातलेले कपडे काढायला धावते आहे. वीज किती वेळा गेली आणि बल्ब किती वेळा गार पडला, ते तर मी मोजायचेच सोडून दिले.

चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी घरात पंचवीस माणसे होती. घोडा माझ्या खोलीत, कपाटाच्या वरच्या फळीवर, पुठ्ठ्याच्या आडोशाला होता. माटवीखाली (गणपतीच्या डोक्यावर फळाफुलांनी सजवून टांगतात त्या चौकटीखाली) आरती चालू होती आणि मी टाळ वाजवत होते. आरती संपवून वळले तर पडवीतून टकटक आवाज आला. भाचेसाहेब शहाबादी फरशीवरून माझे भीमथडी भरधाव पळवत होते, आणि तेही शेपटीला धरून. शेपूट खऱ्या मोहेरच्या, म्हणजे अंगोरा शेळीच्या केसांची, एकेक झुबका चिकटवून केलेली. त्यातले निम्मे केस त्याच्या मुठीत आले होते. दुसऱ्या हातात करंजी होती. डाव्या कानाचे टोक फरशीवर कुठेतरी उडाले होते आणि पाठीवर चार बोटांचे तेलकट ठसे होते. मॅट रंगावर तेलाचा ठसा पडला की तिथे कायमची चकाकी येते. ती पुसून जात नाही. तेवढा भाग काढून पुन्हा रंगवावा लागतो, आणि तो भोवतालच्या बावीस थरांशी मिळवणे जवळजवळ अशक्य असते.

मी ओरडले. हो, ओरडले. सणाच्या दिवशी, पाहुण्यांच्या देखत. त्यावर काकी काय म्हणाल्या? “असांदे गो बाय. पोरान नाय खेळूचा तर काय तू खेळतलंस?” सगळी पडवी हसली. मुलाच्या आईने मोबाइलमधून डोके वर न काढता “सॉरी म्हण आत्याला” म्हटले, आणि विषय संपला. म्हणजे त्यांच्यापुरता संपला.

पण खरा कहर पुढेच होता. मी पानांची वाढणी करायला स्वयंपाकघरात गेले तेवढ्यात काकांनी कानाचे टोक शोधून काढले आणि खिशातून पाच रुपयांची झटपट गोंदाची नळी काढून ते चिकटवून टाकले. कोणी सांगितले होते? कोणीही नाही. टोक उलटे बसले, गोंद कपाळावर ओघळला, आणि त्या गोंदाच्या वाफेने दमट हवेत जे पांढरे धुरकट डाग पडतात ते कानापासून डोळ्यापर्यंत पसरले. नुसता तुटलेला कान मला दोन दिवसांत जोडता आला असता; आता ते घट्ट झालेले ढेकूळ रंगासकट घासून काढावे लागणार आहे. “ह्यां बघ, चिकटलो. आता कळूचा पण नाय,” असे म्हणून काकांनी तो माझ्या हातात ठेवला आणि शाबासकीची वाट पाहत उभे राहिले.

मला चीड येते ती त्या एका शब्दाची. खेळणे. एकदा हा शब्द उच्चारला की कोणालाही, कधीही, कोणत्याही हाताने वस्तू उचलण्याचा परवाना मिळतो. याच काकींच्या दिवाणखान्यात काचेच्या कपाटात सावंतवाडीच्या चितारआळीतून आणलेली लाकडी फळे आहेत. आंबा, सीताफळ, केळ्यांचा घड, सगळे अगदी जिवंत. जगभर ती सावंतवाडीची खेळणी म्हणूनच ओळखली जातात. मला आठवते तेव्हापासून, म्हणजे निदान तीस वर्षे, त्या कपाटाला कुलूप आहे, आणि लहानपणी त्या सीताफळाला बोट लावले म्हणून मी मार खाल्लेला आहे. तिथे नावात खेळणे असूनही ती कला, आणि माझ्या खोलीतला घोडा मात्र पोराटोरांचा. सरकारही काकींच्याच बाजूचे आहे म्हणा. खेळण्यांवरचे आयातशुल्क २०२० साली वीस टक्क्यांवरून साठ टक्के झाले आणि २०२३ साली सत्तर, आणि घोडा काय किंवा खुळखुळा काय, दप्तरी दोन्ही एकाच माळेचे मणी. म्हणून तर मैत्रिणीच्या बॅगेची वाट बघत बसावे लागते.

आणि हीच माणसे गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात त्या कारखान्यात, गेली की कशी वागतात? आमच्या वाडीतल्या शाळेत श्रावणभर मूर्ती ओळीने मांडलेल्या असतात. आत शिरताना काका स्वतःहून हात पाठीमागे बांधतात. पोरांना दारातच दम दिला जातो. मूर्तिकार डोळ्यांची आखणी करत असला तर कोणी खोकतसुद्धा नाही, कारण बुबुळ एका केसाने सरकले तर मूर्तीची नजर तिरकी होते हे सर्वांना ठाऊक आहे. तो देव आहे, घोडा देव नाही, हे मला मान्य. पण शाळेतल्या त्या क्षणी तीही प्राणप्रतिष्ठा न झालेली शाडूची मातीच असते, आणि तिथे मान राखला जातो तो ओल्या रंगाचा आणि रंगवणाऱ्या हाताचा. मूर्तिकाराचा ब्रश येतो त्याच दुकानातून माझाही येतो. मीही श्वास रोखूनच डोळा काढते, फक्त तो मसुराच्या डाळीएवढा असतो. जुलैत एकदा आमचे मूर्तिकार घरी आले होते, तेव्हा मी हा घोडा त्यांना दाखवला. त्यांनी आधी लुंगीला हात पुसले आणि विचारले, “खयसून धरू?” कुठून धरू, एवढेच! साऱ्या गोतावळ्यात आजवर हा प्रश्न विचारणारा तो एकच माणूस.

प्रदर्शनाच्या जगात हा प्रश्न विचारण्याचीही वेळ येत नाही, कारण दुसऱ्याच्या घोड्याला न विचारता हात लावायचा नाही हा तिथला पहिला शिष्टाचार आहे. अमेरिकेत केंटकी राज्यात लेक्सिंग्टनच्या हॉर्स पार्कमध्ये १९९० पासून ब्रेयरचा मोठा मेळा भरतो, टेबलांवर शेकडो घोडे खेटून उभे असतात, आणि माणसे पाठीवरची पिशवीसुद्धा पोटाशी धरून त्यांच्यामधून चालतात. एक घोडा कलंडला तर पत्त्यांच्या बंगल्यासारखी रांग पडते, आणि कानाच्या टोकावरचा रंग टाचणीएवढा उडाला तरी क्रमांक जातो. मी काही तिकडे जाऊ शकत नाही. मी फोटोंवरून निकाल लागणाऱ्या स्पर्धांत भाग घेते, आणि ज्या स्पर्धेसाठी हे भीमथडी चार महिने खपून केले तिची मुदत पुढच्या आठवड्यात संपते. कान नव्याने घडवायचा तर पुट्टीला एक अख्खा दिवस, मग घासणे, प्रायमर, पेस्टल, स्प्रे. आणि बाहेर हस्ताचा पाऊस कोसळतो आहे. उजव्या बाजूने फोटो काढून डावा कान लपवावा असाही विचार मनात येऊन गेला. पण एका बाजूच्या फोटोने भागत नाही, दुसरीही बाजू दाखवावी लागते, आणि खरे तर लाजही वाटली.

बाकीच्यांबद्दल काय बोलावे? शेजारच्या वहिनी विचारतात, याचे किती मिळतात. काही मिळत नाही म्हटले की त्यांच्या चेहऱ्यावर माझ्या आईबद्दलची कणव दाटून येते. एका ओळखीच्यांना त्याच घोड्यावर शिवजयंतीसाठी महाराज बसवून हवे होते, आणि रंग तपकिरी का, जरा सोनेरी मार, अशी सूचनाही होती. मी कपाटाला कुलूप बसवून घेतले. सुतार कुलूप ठोकता ठोकता म्हणाला, आत दागिने आहेत काय? मी हो म्हटले.

काल रात्री भाच्याच्या आईचा निरोप आला. मला वाटले, उशिरा का होईना, तिला काहीतरी वाटले असावे. तिने लिहिले होते, “ताई, याला तुझा घोडा फारच आवडलाय, रोज विचारतो. त्याच्या वाढदिवसाला तसलाच एक करून ठेवशील का? दिवाळीत येऊ तेव्हा घेऊन जाऊ. आणि तो कानवाला नको, मजबूत बघून कर.”